चोवीस हात दोर आणि छत्तीस बस्करं

माझ्या घरी गोणपाटाचं, मुलं शाळेत बसायला नेत तसलं एक बस्कर आहे. चारही कडा दुमडून सुतळीनं शिवलेलं, एक हात लांब आणि एक हात रुंद. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरच्यांनी ते उचलून चुलीजवळच्या कचऱ्यात टाकलं, आणि मी ते झटकून पुन्हा खुंटीला लावलं. "त्या चिंध्यात काय ठेवलंय एवढं?" असं मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, "हे माप आहे." त्यावर "आजवर या मापानं तुमी काय मोजलं?" असा दुसरा प्रश्न आला. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर केशवमास्तरांविषयी सांगावं लागतं, आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून लिहून काढतो.

एक हात म्हणजे कोणाचा हात, हे आधी सांगायला हवं. केशवमास्तरांचा. मास्तर बुटके होते, त्यामुळे त्यांचा हातही आखूड होता. मी एकदा त्यांच्या नकळत शिंप्याकडच्या गजानं त्यांचं बस्कर मोजलं, ते सव्वासतरा इंच भरलं. म्हणजे अठरा इंची हाताला पाऊण इंच कमी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पण सगळ्या शाळेत कमी हाय ना? मंग झालं तं. लबाडी एकच असली म्हणजे हिशेब चुकत नाही."

शाळा लोकल बोर्डाची. रिसोडहून बैलगाडीनं तीन तासांवरच्या एका गावात. एक लांबट खोली, पुढं पडवी, त्यापुढं शेणानं सारवलेलं अंगण. केशवमास्तर हेडमास्तर आणि मी असिस्टंट. आम्ही दोघंच असल्यामुळे या हुद्द्यांना फारसा अर्थ नव्हता, पण मास्तर मला कधी नावानं हाक मारत नसत. "असिस्टंट, जरा टोक धरा." पाच वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं, याची नोंद मी ठेवली नाही, याचं आज वाईट वाटतं.

टोक धरायचं ते दोराचं. हा दोर अंबाडीचा, मास्तरांनी स्वतः वळलेला, चोवीस हात लांब, प्रत्येक हाताला एक गाठ. जानवं घालावं तसा तो त्यांच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत आलेला असे. दोर घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. पावसाळ्यात मात्र तो खुंटीवर राही. अंबाडी भिजली की आखडते. एकदा भिजलेला दोर मास्तरांनी तपासला तो अर्ध्या हातानं कमी भरला. त्या दिवसापासून आमच्या शाळेत आषाढ-श्रावणात क्षेत्रफळ बंद. त्या दिवसांत मुलं पाढे म्हणत आणि मास्तर कष्टी चेहऱ्यानं आभाळाकडे पाहत. "ओला दोर खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते हे अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं दोरानं त्यांना कधीतरी वैयक्तिक दगा दिला आहे.

गाडीनं रिसोडला जायचं असलं की ते चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधत. चाकाचा एक फेरा म्हणजे बरोबर दहा हात. चिंधी किती वेळा खाली येते ते मोजायचं, म्हणजे रिसोड किती हात दूर आहे ते कळेल, असा बेत. पाच वर्षांत हा बेत एकदाही तडीला गेला नाही. गाडीवान लबाड होता. मास्तरांचे ओठ हलताना दिसले, की तो तासाभरानं मुद्दाम विचारी, "मास्तर, यंदा तुरीचं कसं काय?" मास्तर शिक्षक असल्यामुळे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. उत्तर देऊन झालं, की त्यांना आपला आकडा आठवत नसे.

घरात काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांना या साऱ्याचं कौतुक नव्हतं आणि त्रासही नव्हता. मास्तर एकदा ताटातल्या ज्वारीच्या भाकरीभोवती सुतळी फिरवून पाहत होते. मी ओसरीवर बसलो होतो. काकू तव्यापाशी बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मोजून झाली असंल तं खाऊन घ्या. निवून राह्यली. दुसरीही एवढीच हाय, तिले मोजू नका."

या माणसाला गाव हसत असे, पण एका प्रसंगापर्यंत ते हसणं आदराचं होतं. तो प्रसंग म्हणजे पाटलांच्या मुलीच्या लग्नातला मांडव.

मांडवाच्या चारी बाजूंना लावायची कनात रिसोडहून आणली होती, एकशे वीस हात. मांडव नेहमीच्या रीतीनं लांबट घालायचा होता, चाळीस हात लांब आणि वीस हात रुंद. मास्तरांनी तो आखताना पाहिला आणि त्यांना राहवेना. ते पाटलांना म्हणाले, "कनात तेवढीच ठेवा. फक्त तीस न तीस करा. आता आठशे बस्करं मावतात, मंग नऊशे मावतील. शंभर बस्करं फुकट."

पाटलांना फुकटचं काही आवडत नव्हतं असं नाही. मांडव चौरस झाला. मास्तरांनी स्वतः पाट मांडून घेतले, ओळीला ओळ लागून, एक बोटभर जागा वाया न घालवता. वऱ्हाडी मंडळी आत शिरली आणि बसली. एका फटक्यात एवढी मंडळी बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती. मास्तर दाराशी उभे राहून मान डोलावत होते.

मग वाढपी आले. भाताचं घमेलं घेऊन पहिला वाढपी आत पाऊल टाकायला गेला आणि त्याला पाऊल टाकायला जागा सापडेना. पुढं माणसं, मागं माणसं, मध्ये काही नाही. शेवटी घमेली डोक्यांवरून हातोहात पुढं निघाली. भात गेला, वरण गेलं. कढीची बादली मात्र अर्ध्या वाटेत कलंडली, ती किसनाजी माळ्यांच्या नव्या फेट्यावर.

किसनाजी हे गावातले भारदस्त गृहस्थ. नाल्याकाठी त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. ते शांतपणे उठले, फेटा काढून पिळला आणि दाराकडे पाहून एवढंच म्हणाले, "मास्तर, वाढप्याले किती बस्करं धरली होती?"

मास्तरांनी वाढप्याला एकही बस्कर धरलं नव्हतं. त्या दिवसानंतर मास्तर कुठं दोर सोडताना दिसले, की कोणीतरी हमखास म्हणे, "मास्तर, कढी सांभाळून."

आता ज्या धड्याबद्दल सांगायचं आहे, तो याच्या पुढच्या वर्षीचा. मास्तरांना तो धडा द्यायला छत्तीस मुलं हवी होती. पटावर एक्केचाळीस होती, पण हजेरी कधी एकोणतीस, कधी चौतीस. मास्तर रोज सकाळी मला विचारत, "किती?" मी आकडा सांगे आणि ते नाराज होऊन व्याकरण घेत. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी सदतीस आली. मास्तरांनी एका मुलाला घागर देऊन विहिरीवर धाडलं आणि हात चोळत अंगणात आले.

आमच्या शाळेत प्रत्येकाचं बस्कर एक हात लांब नि एक हात रुंद असलंच पाहिजे, असा नियम होता. लहानमोठं बस्कर आणणाऱ्याला मास्तर घरी परत पाठवत. तेव्हा छत्तीस मुलं, छत्तीस सारखी बस्करं. मास्तरांनी दोराची दोन टोकं बांधली, चार मुलांना चार कोपरे धरायला लावले, सहा हात नि सहा हात. "बसा आत." सगळी बसली. कोणी बाहेर नाही, एक बोट जागा रिकामी नाही.

"उठा. आता दोर तोच. दहा हात लांब, दोन हात रुंद. बसा."

वीस बसली. सोळा बाहेर, कार्तिकातल्या उन्हात. बाहेरच्यांनी आत घुसायचा प्रयत्न केला, आतल्यांनी ढकललं, दोनचार बस्करं फाटली. मास्तर हे सगळं आनंदानं पाहत होते. बाहेर राहिलेल्यांत चंद्री होती, तिसरीतली, शाळेतल्या तीन मुलींपैकी एक. ती बस्कर छातीशी धरून तणतणत आली.

"मास्तर, आमी बाहेर कायले? दोर तं तेवढाच हाय!"

"हाय ना तेवढाच?"

"हाय."

"मंग बाहेर काहून राह्यली तू? थे मले नको इचारू. दोराले इचार."

एवढंच. पुढं मास्तरांनी एक अक्षर सांगितलं नाही. लांबी, रुंदी, गुणाकार हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मला हे मनापासून पटत नव्हतं. मी नेमस्त माणूस आहे, धडा म्हटला की त्याला शेवट असावा. पुढं डिप्टीसाहेब तपासणीला आले, तेव्हा माझी भीती खरी ठरली. त्यांनी विचारलं, "क्षेत्रफळ म्हणजे काय?" सगळा वर्ग ओरडला, "किती बस्करं मावतात थे!" साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'व्याख्या पाठ नाहीत.' मास्तरांनी तो शेरा मला वाचून दाखवला. "खरं लिहिलं," ते म्हणाले. "पाठ केलेलं पोरं विसरतील, असिस्टंट. बस्कर तं रोज बुडाखाली राहते."

धड्यानंतर महिन्याभरानं चंद्री शाळा सुटल्यावर थांबली. हातात पाटी. तिचा बाप दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. तो किसनाजींचा धाकटा भाऊ. आदल्या उन्हाळ्यात मळ्याची वाटणी झाली होती. चंद्री आणि तिची आई सगुणाबाई यांचं आता सगळं त्या वाट्यावर होतं. भाजी पिकवायची, टोपलीत भरायची आणि रिसोडच्या बाजारी न्यायची. दुसरा आधार नव्हता.

"मास्तर," चंद्री म्हणाली, "त्या दिवशी सोळा पोरं बाहेर राह्यली होती ना?"

"राह्यली होती."

"मंग आमच्या मळ्यातून किती बाहेर राह्यली?"

मास्तरांनी पाटी घेतली. चंद्रीनं बस्कर उलटंपालटं टाकत आपल्या मळ्याच्या दोन बाजू मोजल्या होत्या, आणि मोठ्या बाबांच्या, म्हणजे किसनाजींच्या, मळ्याच्याही दोन. आपला एकशे साठ नि चाळीस. त्यांचा शंभर नि शंभर. मास्तरांनी चारही आकडे बोट ठेवून वाचले. मग नेहमीचं वाक्य म्हणाले, पण हळू आवाजात. "असिस्टंट, टोक धरायले चला."

हा मळा कुऱ्हाडीच्या आकाराचा होता. विहिरीकडचा चौरस तुकडा म्हणजे पातं आणि गाडीवाटेच्या कडेनं गेलेली लांब पट्टी म्हणजे दांडा. पातं किसनाजींकडे, दांडा सगुणाबाईंकडे. वाटणी गावच्या रीतीप्रमाणं झाली होती. त्या गावात मळ्याची वाटणी कुंपणावर होत असे. मळ्याला दरवर्षी बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण घालावं लागतं, ते काम जिवावरचं. तेव्हा ज्याच्या वाट्याचं कुंपण सारखं, त्याचा वाटा सारखा, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मळे साधारण चौकोनी असत, म्हणून कोणाचं काही अडलं नव्हतं. आम्ही दोर धरून फिरलो. दोन्ही वाट्यांचा फेर चारशे-चारशे हात. चंद्रीचं माप चोख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर किसनाजींना भेटायला मळ्यात गेले. मी बरोबर होतो. सगुणाबाई तिथंच कांद्याला पाणी देत होत्या. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नाही. त्या पदर पुढं ओढून, पाठ वळवून उभ्या राहिल्या आणि चंद्री मध्ये उभी राहिली.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली तोच किसनाजींनी हात वर केला.

"मास्तर, दोराचं एक टोक म्या धरलं होतं न दुसरं सगुणेच्या भावानं. वीस हाताचा दोर. तिच्या वाट्याले वीस दोर, माह्या वाट्याले वीस दोर. वरून तिलेच पह्यलं इचारलं, कोणता पाह्यजे. वाटेकडचा म्हणे. देला. आता काय राह्यलं?"

"तुमी चोख मोजलं किसनाजी. पण कुंपण मोजलं. वावर नाही मोजलं."

"कुंपणाच्या आत वावरच असते ना? का मांडव असते?"

विहिरीवर मोट हाकणारा गडी खो खो हसला. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी काडी घेऊन मातीत चौकोन काढले, सहाचा आणि दहा-दोनचा. किसनाजी म्हणाले, "हे पोराइले दाखवा. तुमच्या हिशेबानं माह्या फेट्यावर कढी सांडली. आता मळ्यावर काय सांडता?" मास्तर गुणाकार सांगू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गुणाकार सांगितला असेल, आणि तो त्यांना नीट सांगताही येईना. मी मध्ये बोलणार होतो, पण तेवढ्यात सगुणाबाईंचा आवाज आला.

"चंद्रे, तुह्या मोठ्या बाबाले इचार, यंदा कांद्याचे वाफे किती पडले."

किसनाजी चंद्रीकडे पाहून म्हणाले, "शंभर."

"सांग त्याहिले, आपले चौसष्ट पडले."

"मोठाले टाकले असतील. बाईमाणसाचं काम."

"सांग, काठी त्याहिचीच हाय. मोठ्या बाबानंच देली होती."

किसनाजींची बांबूची एक काठी होती, पाच हातांची. दोन काठ्या लांब नि दोन काठ्या रुंद, पाटवरंबा धरून, असा त्यांच्या घरचा वाफा. तसलीच एक काठी त्यांनी भावाला कापून दिली होती. किसनाजी विहिरीकडे वळले. स्वतःची काठी घेतली आणि सगुणाबाईंच्या वाट्यात शिरले. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे होतो. त्यांनी एका वाफ्याला काठी लावली, उभी आणि आडवी. मग दुसऱ्याला. मग मध्ये दहाबारा सोडून पार टोकाच्या वाफ्याला. आठ वाफे त्यांनी मोजले, मी पाहत होतो. सगळे दोन काठ्यांचे.

परत येऊन ते धुऱ्यावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"म्या तिले फसवलं?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

"तुमी नाही," मास्तर म्हणाले. "दोरानं."

"दोर म्याच धरला होता, मास्तर."

 किसनाजी फेटा बांधून उठले. "मोजा," ते म्हणाले. "तुमच्या बस्करानं मोजा. किती द्याचं तिले?"

आकडे सोपे होते आणि ते माझ्या वहीत अजून आहेत. त्यांचे शंभर वाफे, तिचे चौसष्ट. एकूण एकशे चौसष्ट, निम्मे ब्याऐंशी. अठरा वाफ्यांची जागा द्यायची. पात्यातून शंभर हात लांब नि अठरा हात रुंद अशी पट्टी कापून दांड्याला जोडली की झालं. मास्तरांनी दोर ताणला, मी टोक धरलं, खुंट्या ठोकल्या. सगुणाबाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या, पण पदराखाली त्यांचे डोळे पुसणं चाललं होतं. मास्तर इतके खूश होते, की त्यांनी मोट हाकणाऱ्या गड्यालाही क्षेत्रफळ समजावून सांगितलं.

आणि नेमकं तेव्हा किसनाजी नव्या धुऱ्यावरून पावलं टाकत आले आणि म्हणाले, "आता कुंपण मोजा."

मोजलं. सगुणाबाईंच्या वाट्याला फेर आला पाचशे छप्पन्न हात. किसनाजींच्या, तीनशे चौसष्ट.

"हा कायचा न्याव?" किसनाजी तडकले. "माह्यापेक्षा तिच्या डोक्यावर एवढं कुंपण? रांडमुंड बाई काटे तोडत बसंल, न मी काय धुऱ्यावर बसून चिलीम ओढू?"

मास्तर गोंधळले. "पण किसनाजी, वाफे सारखे झाले ना?"

"वाफे तुमच्या पुस्तकाचे. कुंपण आमच्या बापजाद्याची रीत हाय. थेही सारखं झालं पाह्यजे. करा."

मास्तर खांद्यावरचा दोर हातात घेऊन उभे राहिले. त्यांची ती मुद्रा मी विसरलो नाही. छत्तीस मुलांचा धडा घेतलेल्या माणसाला कोणी सदतिसावं मूल आणून द्यावं तशी. दोन्ही एकदम सारखं करता येतं का, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारला नव्हता. शेवटी आकडा मीच सांगितला. जास्तीचे एकशे ब्याण्णव हात. निम्मे शहाण्णव. तिच्या कुंपणातले शहाण्णव हात किसनाजींनी घातले, तर दोघांच्या वाट्याला चारशे साठ, चारशे साठ.

"जमलं," किसनाजी म्हणाले. "गाडीवाटेकडचे घालतो. तथीच ढोरं घुसतात."

"चंद्रे, नको म्हणा," सगुणाबाई म्हणाल्या. "मी करीन माह्यं."

"चंद्रे, तुह्या मायले सांग, मी इचारून नाही राह्यलो. सांगून राह्यलो."

 परत येताना शाळेजवळ मास्तर म्हणाले, "असिस्टंट, मी दोर घेऊन फिरत राह्यलो. बाईनं वाफे इचारले." आणि थोडं थांबून, "मांडवातही असंच झालं होतं. वाढप्याले कोणी इचारलं नाही."

त्यानंतर गावात कढीचा विषय निघाला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं होणार नाही. निघायचा. फरक इतकाच पडला, की आता लोक हसून झाल्यावर आपली वाटणीही मास्तरांना दाखवून घेत.

तीन वर्षांनी मास्तरांची बदली मेडशीकडे झाली. कार्तिकातली सकाळ होती. बिऱ्हाड गाडीत चढलं. मी पोचवायला गावाबाहेरपर्यंत निघालो. मास्तरांच्या खांद्यावर दोर होता, पण तो ओलाकच्च होता आणि सदऱ्यावर त्याचा ओला पट्टा उमटला होता. काकूंनी आदल्या दिवशी घरातलं होतं नव्हतं ते सगळं धुऊन काढलं होतं, त्यात दोरही धुतला होता.

"आठ वर्षांची माती होती त्याले," काकू गाडीतून म्हणाल्या. "ह्या गावची माती त्या गावी कायले न्याची?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या वर्षांत पावसाले जे करू देलं नाही, थे हिनं केलं," ते म्हणाले. खांद्यावरून पिशवी काढून त्यांनी आपलं बस्कर माझ्या हातात दिलं. "हे ठेवा. तुमाले लागंल."

मळ्याच्या कोपऱ्यावरच्या बाभळीशी गाडी थांबली. सगुणाबाईंनी वाटेसाठी वांगी आणि कांदे आणून दिले होते, ते काकूंनी गाडीत घेतले. वाटेच्या कडेला किसनाजी नवं घातलेलं कुंपण पक्कं करत होते. खरं तर त्यांच्याकडे गडी होते, पण हे शहाण्णव हात ते दरवर्षी स्वतः घालत, या बाभळीपासून पुढं. हाताला काटे लागलेले, धोतर वर खोचलेलं.

"मास्तर, जाता जाता मोजून जा," ते म्हणाले. "शहाण्णव हायत का नाही पाहून घ्या. मंग म्हणसाल किसनानं कमी केलं."

मास्तरांचा हात सवयीनं खांद्यावर गेला. ओला दोर त्यांनी बोटांनी चाचपला आणि सोडून दिला.

"कायले मोजू?" ते म्हणाले. "तुमी म्हणता तं असतील."

मी चकित झालो. न मोजता आकडा मान्य करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि माझी स्थिती अवघड झाली, कारण मी मोजलं होतं. आदल्या वैशाखात, एकटाच असताना, मास्तरांच्या मापाच्या कोरड्या दोरानं. किसनाजींचं कुंपण शहाण्णव हात नव्हतं. एकशे एक हात होतं. मी दोनदा मोजलं होतं. त्या आधीच्या वर्षी किती होतं ते मला ठाऊक नाही. हे मी मास्तरांना सांगितलं नव्हतं. आकडा ठरवून दिला तो आपण, आणि तो पाळताना किसनाजी पाच हात पुढं गेले, हे सांगावं की नाही याचा निर्णय मला करता आला नव्हता.

नमस्कार झाले. गाडीवान तोच होता. गाडी हलली, वाटेनं कुंपणाच्या कडेकडेनं निघाली. तेव्हा मला दिसलं, की चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधलेली आहे.

मास्तर गाडीच्या कडेवरून वाकून खाली पाहत होते. ओठ हलत होते. गाडीवानानं मागं वळून काहीतरी विचारलं, बहुधा तुरीचंच. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. हातानंच त्याला गप्प केलं. किसनाजी पाठमोरे वाकून पुढचा काटा खोवत होते, त्यांना काही दिसलं नाही.

किसनाजींच्या कुंपणाचं टोक आलं तिथं मास्तर सरळ बसले आणि वळून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात वर करून पंजे पसरले. दहा फेरे, म्हणजे शंभर हात. मग एक हात खाली घेतला आणि दुसऱ्याचं एक बोट वर केलं. वर एक हात.

मी लांबूनच मान हलवली. त्यांनी ते बोट ओठांवर ठेवलं.